मधले दहा दिवस

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत बिरुदेवचं टायरचं दुकान आहे. गाडी दिवसाला किती फिरते, कुठल्या रस्त्याला फिरते, हे सगळेच टायरवाले विचारतात. बिरुदेव आधी विचारतो, गाडीत तुमच्याबरोबर कोण बसतं? कुणी म्हणतं, पोरं बसतात. कुणी म्हणतं, कुणी नाही, मी एकटाच. गाडी विजेची असली तर तो दार उघडून स्वतः आत बसतो, काचा वर करायला लावतो आणि मालकाला म्हणतो, चला, एक चक्कर मारून येऊ. लोक घाईत असतात. काही जण वैतागून दुसऱ्या दुकानात जातात. शेजारी संघपालचं चाकांचं अलाइनमेंट करून द्यायचं दुकान आहे. तो अशा गिऱ्हाइकाला समजावतो, "मनावर घेऊ नका साहेब. वडील गेल्यापासून तो असाच आहे."

यातलं थोडं चुकीचं आहे. वडील गेले त्याच्या तीन आठवडे आधीपासून तो असा आहे.

बिरुदेव मूळचा माळशिरस तालुक्यातला, मेंढपाळाच्या घरातला. दिवाळी झाली की त्याचे वडील, गुंडा, आपली आणि भाऊबंदांची मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. वर्षातले चार महिने घरात असलेला हा माणूस पोराला पाहुण्यासारखा वाटे. बिरुदेव नऊ वर्षांचा असताना माघात त्याची आई, गोजाबाई, तापानं गेली. त्या साली ती दोन जिवांची होती म्हणून वाड्याबरोबर गेली नव्हती. मेंढरांच्या फिरत्या मुक्कामाला त्यांच्यात वाडा म्हणतात. चुलता निरोप घेऊन निघाला. तिसऱ्या दिवशी त्याला वाडा सापडला, निरोप पोचला. तिथून गावाला यायला एसटीनं एक दिवस पुरे होता. गुंडा आला तो तेराव्याला, लोक जेवायला बसले असताना.

मधले दहा दिवस तो कुठं होता, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पंधरवड्यानं त्यानं पोराला सोलापुरात मावशीकडे आणून सोडलं आणि पुन्हा मेंढरांमागं गेला.

मावशीनं जीव लावला. सोळाव्या वर्षी बिरुदेव टायरच्या कामाला लागला, अठराव्या वर्षी स्वतःचं दुकान टाकलं. लग्न झालं, जुळे सोलापूर भागात फ्लॅट झाला. बायको दिपाली जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वर्षातून दोन-तीनदा तो गावी जायचा, वडिलांना, म्हणजे आबांना, पंचा, तंबाखूची पुडी, बुटांचा जोड द्यायचा. आबा घ्यायचे. दोघं जण ओसरीवर बसायचे, पाऊस किती झाला ते बोलायचे. दहा दिवसांचं विचारणं बिरुदेवच्या ओठावर अनेकदा आलं. मग त्याला वाटायचं, उत्तर ऐकून काय करायचं? ते एवढं वाईट निघालं की पुन्हा गावी येणंच जमलं नाही, तर? आणि तो उठायचा.

बिरुदेव चाळिशीत आला त्या वर्षी आबांचा आवाज बसला. आधी सगळ्यांना वाटलं, सर्दी आहे. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरची मेंढी वळवणारा तो आवाज. तीन महिन्यांत त्याचा नुसता वारा राहिला. तपासणीत घशाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी तेहतीस दिवस रेडिएशनचा शेक घ्यायला सांगितला, शनिवार-रविवार सोडून रोज, बार्शीला. बिरुदेवनं आबांना फ्लॅटवर आणलं. दिपालीच्या शाळेतल्या एका सरांनी तीन वर्षं वापरलेली विजेची गाडी विकायला काढली होती, ती घेतली. रोज जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर व्हायचे, एसटीच्या धक्क्यांत म्हातारा टिकला नसता.

घरात आबांचं बोलणं कुणाला ऐकू येत नव्हतं. पंखा असायचा, कुकर असायचा, खालच्या मजल्यावरचा टीव्ही असायचा. ते काही म्हणाले की दिपाली कान जवळ न्यायची आणि अंदाजानं पाणी आणून द्यायची. "मामा, पाणीच म्हणालात ना?" आबा पाणी प्यायचे. दुकानात नेलं तर कॉम्प्रेसर. आठ दिवसांत त्यांनी बोलणंच सोडलं.

शेकाच्या चौथ्या दिवशी वडाळा मागं पडल्यावर, गाडी साठच्या वेगानं चाललेली असताना, बिरुदेवच्या डाव्या कानाशी कुणीतरी म्हणालं, "हितं पानी हाय."

त्यानं दचकून बाजूला पाहिलं. आबा काचेतून बाहेर बघत होते.

"काय म्हणालात आबा?"

"पानी. त्या बाभळीच्या रांगंखाली. जवळ हाय, पंधरा हातावर."

गाडीला इंजिन नव्हतं. काचा वर होत्या, एसी आबांना सोसत नाही म्हणून बंद. चार महिन्यांत बिरुदेवला वडिलांचं एक सबंध वाक्य पहिल्यांदा ऐकू आलं होतं. त्यानं वेग कमी-जास्त करून पाहिला, तरी ऐकू येत होतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मेंढराला कळतं. त्येंच्या मागं ऱ्हाऊन मला."

त्या दिवसापासून आबा जाताना बोलू लागले. येताना शेकानं थकून झोपलेले असायचे. बोलायचे तेही त्यांच्या रीतीनं, रोज एक मुक्काम. आज नातेपुत्याचा, उद्या त्याच्या पुढचा. कुणाच्या रानात मेंढरं बसवली, त्यानं खताच्या बदल्यात किती ज्वारी घातली, कुठली मेंढी व्याली, कुत्र्याला कुठं काटा भरला. मुक्काम संपला की गप्प. बिरुदेवनं पुढचं विचारलं तर मान हलवायचे, उद्या. मेंढरं एका दिवसात जेवढी चालतात तेवढंच ते बोलत होते.

पहिल्या आठवड्यात बिरुदेवला वाटलं, म्हातारा आठवणीत रमलाय. फलटणच्या मुक्कामाला आबा सहज म्हणाले, "तुजी आय निघताना म्हनली, पोराला पाटी आना. तितल्या बाजारात घेतली मी."

ती पाटी बिरुदेवला आठवत होती. तेराव्याच्या दिवशी आबांच्या पिशवीत होती ती. त्यानं स्टेअरिंग घट्ट धरलं. आबा कुठल्याही सालचं सांगत नव्हते. ते त्याच साली चालले होते, पायी, एकेक मुक्काम करत, निरोप पोचला त्या जागेकडे. कुणी न विचारता.

घरी येऊन त्यानं दिपालीला सांगितलं. ती वह्या तपासत होती.

"मग तुम्ही घाई करू नका," ती म्हणाली. "मध्ये काही विचारूही नका. एकतीस वर्षं थांबलात, पंधरा दिवस थांबा."

"शिरवळला आलेत आता."

"घाट कधी?"

"पुढच्या आठवड्यात उतरतील."

ती हसली आणि लगेच हसू आवरलं. घरात कुणी खरोखरच वाटेवर असावं तसं ते बोलू लागले होते. संध्याकाळी ती दारातच विचारायची, आज कुठं? तो म्हणायचा, भोर. संघपालही दुकानात विचारायचा, "काय, घाट लागला का?" बिरुदेव म्हणायचा, "उद्या." संघपाल म्हणायचा, "तुझा बाप लई सावकाश चालतो गड्या. माझा एका दमात सगळं बोलायचा आणि त्यात ऐकण्यासारखं काही नसायचं."

चौथ्या आठवड्यातल्या गुरुवारी वाडा घाटाखाली पोचला. त्या दिवशी आबांना दम लागत होता. वैराग सोडून गाडी पुढं आली तेव्हा ते म्हणाले, "तीनसांजची येळ. मी घोडीवरचं वज्जं उतरत हुतो. वर बगितलं तर तुजा चुलता. त्येचं तोंड बगितलं आन् मला कळलं."

 मग गळ्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या. पुढलं उद्या सांगतो. समदं सांगतो."

त्या संध्याकाळी बिरुदेवनं दुकानासमोर गाडी उभी केली आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली. हा त्याच्या हातापायांचाच चाळा होता. पुढच्या डाव्या टायरवर तो थबकला. नक्षी जवळजवळ गेली होती. विजेच्या गाड्या वजनाला जड असतात, निघताना एकदम ओढ घेतात, त्यांचे टायर लवकर झिजतात, हे तो गिऱ्हाइकांना रोज सांगायचा. स्वतःच्या गाडीकडे त्यानं महिनाभर पाहिलं नव्हतं. आणि बार्शीच्या त्या रस्त्याला कडेनं बाभळी होत्या. उद्या वाटेत काटा घुसला, गाडी थांबली, आबांचा शेक चुकला, बोलणं तुटलं, तर?

त्यानं उद्यावर टाकलं नाही. दुकानातला सगळ्यांत चिवट चार टायरांचा संच काढला. कडक रबर, खोल आणि रुंद नक्षी, जाड बाजू. खडीच्या रस्त्यानं फिरणारे कंत्राटदार हे टायर मागून घेतात. गाडीला मुळात होते ते मऊ, बारीक नक्षीचे. तशांच्या एका जातीत आवाज दाबायला आतून स्पंज चिकटवलेला असतो. बिरुदेव त्यांची थट्टा करायचा. टायरला गादी घातली की पंक्चर काढणाऱ्याचा जीव जातो, आधी स्पंज कापा, मग भोक शोधा. बावीस वर्षं त्यानं टायर एकाच गोष्टीसाठी पारखला होता, तो किती टिकतो. वडिलांसाठी म्हणून त्यानं सर्वांत टिकणारा निवडला. चारही चाकं स्वतः उतरवली, स्वतः चढवली, नट हातानं आवळले.

शुक्रवारी सकाळी आबा आवरून आधीच खुर्चीत बसले होते. डोक्याला नवं मुंडासं होतं.

शहरातून गाडी हळू जात होती, तोवर काही वेगळं वाटलं नाही. वस्ती संपली, वेग वाढला आणि आबांनी बोलायला सुरुवात केली. बिरुदेवनं त्यांच्याकडे कान केला. ओठ हलत होते.

"काय आबा?"

ओठ पुन्हा हलले. त्याला एक शब्द लागला, नदी. पुढचं काही नाही. गाडीत एक घरघर भरून होती, एकसारखी, तळव्यांखालून वर येणारी. दिवसभर कॉम्प्रेसरजवळ वावरणाऱ्या त्याच्या कानांना तो आवाज आवाजासारखा वाटलाच नव्हता. आबांचा वारा मात्र त्यानं पूर्ण गिळला होता. बिरुदेवनं वेग चाळीसवर आणला. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले. पुढं खरबरीत खडीचा पट्टा लागला आणि चाळीसलाही तीच घरघर. साडेदहाची वेळ चुकली की मशिनवर दुपारपर्यंत नंबर लागत नसे.

त्यानं एकदा गाडी कडेला घेतली. "आबा, आता सांगा."

आबा समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. थांबलेल्या गाडीत, पोरगा तोंडाकडे बघत असताना, त्यांना ते बोलता येईना. रस्ता पुढं सरकत असला म्हणजेच त्यांना शब्द सुचायचे. त्यांनी हातानं खूण केली, चल.

गाडी निघाली. ते पुन्हा बोलू लागले. बिरुदेवनं तिसऱ्यांदा "काय?" म्हटल्यावर त्यांनी मान ताणून, सगळा जोर लावून काहीतरी सांगितलं आणि त्यांना खोकला लागला. पंचा तोंडाला लावला. पंचावर लाल ठिपके पडले. आवाजावर जोर देऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

त्यानंतर बिरुदेवनं काय म्हणून विचारलं नाही. तो मान हलवत राहिला. "व्हय आबा." "हां आबा." त्याला वाटलं, सोमवारी विचारू, शांतपणे विचारू. आत्ता यांना थांबवायचं नाही.

वैरागपासून बार्शीपर्यंत आबा बोलत होते. एवढं ते कधीच बोलले नव्हते. मध्येच त्यांनी दोन बोटं वर केली. मध्येच तळहात तोंडावरून फिरवला. बिरुदेवच्या हाती तीन शब्द लागले. नदी, दोन येळा, तोंड. बाकी सगळं टायरांखाली गेलं.

दवाखान्याच्या आवारात गाडी थांबली. एकदम शांत झालं. आबांचे डोळे ओले होते. त्यांनी पंच्याच्या कोरड्या टोकानं ते पुसले आणि विचारलं, "कळलं?"

हे त्याला स्पष्ट ऐकू आलं.

"कळलं, आबा," तो म्हणाला.

शनिवारी संघपालनं गाडी अलाइनमेंटला घेतली. नवे टायर चढवले की ते करावंच लागतं. काम झाल्यावर तो चाचणीला निघाला, बिरुदेव शेजारी बसला. अर्धा किलोमीटर गेल्यावर संघपालनं त्याच्याकडे पाहिलं.

"बिरू, ही गाडी आहे का पिठाची गिरणी?"

"एवढा नाही आवाज."

"नाही? मी आत्ता त्याच्या आधी काय बोललो?"

"काय बोललास?"

"तेच विचारतोय." संघपालनं गाडी बाजूला घेतली. "तुझे कान त्या नट उघडायच्या गनच्या आवाजानं गेलेत, तुला नाही कळायचं. पेट्रोलच्या गाडीला हेच टायर घाल, कुणाच्या लक्षात यायचं नाही. इंजिनचा आवाज वर पांघरूण घालतो. हिला इंजिनच नाही. आत जे काय ऐकू येतंय ते फक्त तुझं टायर. आणि हे मी तुला सांगतोय? तूच सांगत असतोस की गिऱ्हाइकांना."

बिरुदेवनं काच खाली करून पुढच्या चाकाकडे पाहिलं. संघपालच्या लक्षात आलं.

"काल कुठं पोचले आबा?" त्यानं विचारलं.

"शेवटपर्यंत."

संघपालनं गाडी वळवली. दुकान आलं. उतरताना म्हणाला, "सोमवारी सांग त्यांना. माझी चूक झाली म्हण. बाप आहे, रागावून रागावून काय रागावेल."

दिपालीही तेच म्हणाली. त्या दोन दिवसांत आबा शांत झोपत होते. दोन वाट्या खिमट खाल्लं. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं होतं. दिपाली म्हणाली, "मामा आज हसले माझ्याकडे बघून. पहिल्यांदा." मग हळूच म्हणाली, "तरी विचारा तुम्ही. त्यांनी ज्याच्यासाठी सांगितलं त्याच्यापर्यंत ते पोचलं नाही, हे त्यांना कळायला नको का?"

"कळल्यावर ही झोप जाईल त्यांची."

"जाईल," ती म्हणाली. "आणि नाही सांगितलं तर तुमची."

रविवारी दुकान बंद असतं. बिरुदेवनं ते एकट्यानं उघडलं. होटगी रोडच्या एका डीलरकडून आतून स्पंज लावलेले चार टायर आणले. ते चढवताना त्याच्या हातांना नेहमीचा वेग नव्हता. उतरवलेले टायर नवेकोरे होते, त्यांवर रबराचे बारीक केसही तसेच होते. त्यानं ते मागच्या भिंतीला लावून ठेवले. मग काचा वर करून गाडी वडाळ्यापर्यंत नेली आणि परत आणली. जाताना-येताना त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

सोमवारी गाडी घरातून निघाली ती इतकी शांत की पुढच्या बाजूला ठेवलेल्या रिपोर्टच्या पिशवीची कुरकुरही ऐकू यावी. बिरुदेव वस्ती संपायची वाट बघत राहिला. मग त्यानं रस्त्याकडेच बघत, आबांकडे न बघता, सुरुवात केली.

"आबा, शुक्रवारी तुम्ही सांगितलंत ना. घाटाखालचं. ते मला पुन्हा एकदा..."

आबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याला वाटलं, आता बोलतील. आबांनी तोंड उघडलं. वाराही आला नाही. नुसती एक बारीक शीळ आली, घशातल्या अरुंद झालेल्या जागेतून. त्यांनी मान हलवली आणि हात आडवा फिरवला. संपलं, झालं सांगून. आणि हसले.

ती शीळ त्याला इतकी स्पष्ट ऐकू येत होती की वैरागच्या आधीच कळलं, यांना श्वास पुरत नाही. उरलेला रस्ता त्यानं कसा कापला ते त्याला आठवत नाही. दवाखान्यात त्यांना तसंच आत नेलं. घशाला सूज आली होती, वाट बंद होत होती. दुपारपर्यंत गळ्याखाली भोक पाडून नळी बसवली. डॉक्टरांनी बाहेर येऊन समजावलं, आता श्वास नळीतून येईल, आवाज येणार नाही. पुढं कधी येईल का, असं त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता श्वासाचं बघू.

आबांना लिहिता येत नव्हतं. ओठांवरून काही ओळखावं तर तोंडात दात नव्हते, सगळे शब्द एकाच आकाराचे दिसत. बिरुदेवनं दोनदा खाटेशी बसून धीर केला. "आबा, त्या दिवशी गाडीत, नव्या टायरमुळं मला..." दोन्ही वेळा आबांनी त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. त्यांना वाटत होतं, पोरगा त्या दहा दिवसांबद्दल काही बोलू बघतोय, आणि ते बोलण्याची त्याला गरज नाही, असं ते त्याला सांगत होते.

दवाखान्यातल्या बाराव्या दिवशी गावाहून मायाप्पा आले. सत्तरी ओलांडलेले, आबांचे वाड्यावरचे जन्माचे जोडीदार. दोन एसट्या बदलून, काखेत एक काळं घोंगडं आणि हातात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी.

"ही चालंल का त्येला?" त्यांनी दारातच विचारलं.

"जेवण नळीनं देतात, मामा."

"नळीनं चटनी कशी जायची," असं म्हणून त्यांनी पुडी बिरुदेवच्या हातात दिली. खाटेजवळ गेले, आबांकडे बघितलं. "काय रं गुंडा, दवाखान्याची चादर व्हय ही? हिनं थंडी थांबती का?" आणि घोंगडं उलगडून त्यांच्या अंगावर घातलं. आबांनी त्याच्यावरून हात फिरवला.

मायाप्पा गावातलं सांगत बसले. कुणाची मेंढरं विकली, कुठल्या रानात ऊस आला, कुणाची नात पोलीस झाली. आबा ऐकत होते. मग त्यांनी मायाप्पांच्या दंडाला धरलं, बिरुदेवकडे बोट केलं, कानाला हात लावला, आणि छातीवर तळवा ठेवला.

मायाप्पांनी बिरुदेवकडे पाहिलं. "तुला सांगितलं म्हनतोय त्यो. तुज्या आयच्या येळचं."

बिरुदेवनं मान हलवली.

"बरं झालं," मायाप्पा म्हणाले.  "मी त्याच वाड्यावर हुतो. सकाळी उठलो तर ह्यो न्हाय. मेंढरं माज्यावर टाकून गेलेला. धाव्या दिशी गावात पोचला म्हनं. एकतीस वरसं एका ताटात जेवलो आमी, मी इचारलं न्हाय, त्यानं सांगितलं न्हाय. मला नगं सांगू तू. तुजं हाय ते." मग त्यांनी विचारलं, "समदं ऐकलंस न्हवं?"

आबांचे डोळे बिरुदेववर होते.

"ऐकलं," तो म्हणाला. "समदं ऐकलं."

आबांनी हात हलवला. अंगावरच्या घोंगड्याचं खाटेच्या कडेचं टोक धरलं आणि हळूहळू, दोनदा दम घेत, वर उचललं. खाटेची एक वीतभर जागा मोकळी झाली. ते टोक त्यांनी तसंच धरून ठेवलं. 

बिरुदेव मेंढरांमागं कधी राहिला नव्हता. त्याला कळेना.

"बस की," मायाप्पा म्हणाले. "वाड्यावर दोघांचं बिनसलं आन् एकानं घोंगड्याचं टोक उचाललं, तर दुसऱ्यानं बसायचं. बसला म्हंजी मिटलं. न्हाय बसायचं तर उभा ऱ्हा, त्येलाबी कळंल."

आबा वाट बघत होते. मायाप्पा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

बिरुदेवच्या मनात नदी होती, दोन येळा होतं, तोंड होतं. दोन आठवडे त्यानं ते तीन शब्द हजार तऱ्हांनी जोडले होते. कधी त्यातून नदीकाठी बसून राहिलेला, घरी जायची छाती न झालेला माणूस निघायचा. कधी दोनदा निघून दोनदा मागं फिरलेला. कधी दुसरंच काही निघायचं, ज्याला तो कधीच क्षमा करू शकला नसता. आत्ता खरं सांगितलं, मला ऐकूच आलं नाही, तर हे टोक खाली जाणार होतं, आणि ते पुन्हा उचलायला त्या हातात किती दिवस उरले होते, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आणि न सांगता बसावं, तर कशावर बसतोय हे त्याला कधीही कळणार नव्हतं.

टोक हळूहळू खाली येऊ लागलं.

बिरुदेवनं चपला काढल्या आणि बसला. आबांनी टोक सोडलं. ते त्याच्या मांडीवर पडलं, त्याला लोकरीचा उग्र वास होता. आबांनी डोळे मिटले. नळीतून श्वास येत-जात होता. तेवढा आवाज त्याला ऐकू येत होता.

थोड्या वेळानं सिस्टर आली. "पेशंटच्या कॉटवर बसू नका काका," ती म्हणाली. "बाजूला स्टूल आहे."

"बसू दे बाई त्येला," मायाप्पा खिडकीकडूनच म्हणाले.

तिनं सलाइन बदललं, वहीत काहीतरी लिहिलं आणि पुन्हा एकदा सांगून गेली. तो उठला नाही.